सहा माणसांची अंत्ययात्रा

गेली काही वर्षे दर शनिवारी दुपारी धाटावच्या आमच्या घराच्या ओटीवर हायस्कूलची आठ-दहा मुले जमतात. बहुतेकांचे आईवडील इथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत. मुलांचे इंग्रजी जरा सुधारावे, एवढ्याच हेतूने हा उद्योग सुरू झाला. बँकेतून निवृत्त झालेल्या आणि कादंबऱ्या लिहिण्याची खोड असलेल्या माणसाला दुपारी झोप लागत नसेल, तर त्याने काहीतरी करायलाच हवे. गोष्टींची पुस्तके वाचून संपली तेव्हा मी मुलांना अमेरिकेच्या अगदी सुरुवातीच्या लेखकांकडे नेले. बेंजामिन फ्रँकलिनचे आत्मचरित्र त्यांना आवडले. साबण आणि मेणबत्त्या करणाऱ्या बापाचा मुलगा छापखान्यात उमेदवारी करतो आणि पुढे जगात नाव काढतो, ही गोष्ट कुणाला आवडणार नाही?

पण एका शनिवारी नववीतल्या एका मुलीने मला अडवले. सेनापती वॉशिंग्टन होता, जाहीरनामा जेफरसनने लिहिला, हे तिला पाठ होते. तिची शंका वेगळीच होती. जे शेतकरी, लोहार, चांभार बंदुका घेऊन लढायला गेले, त्यांना हे सगळे समजावून कोणी सांगितले? राजाशिवाय राज्य चालू शकते, हे त्यांना कसे पटले?

उत्तरादाखल मी तिला थॉमस पेन या माणसाची कहाणी सांगितली. ती सांगायला तीन शनिवार लागले. आज ती वाचकांपुढे ठेवतो आहे, कारण तिचा धागा लांबून फिरत फिरत आपल्या पुण्याला आणि आमच्या या जिल्ह्यापर्यंतही येऊन पोहोचला आहे.

थॉमस पेनचा जन्म १७३७ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या थेटफर्ड या गावी झाला. वडील क्वेकर पंथाचे. बायकांच्या पोशाखात आत घालायच्या ताठ पट्ट्यांच्या चोळ्या शिवणे हा त्यांचा धंदा. मुलाला त्यांनी गावच्या शाळेत घातले खरे, पण तेराव्या वर्षाच्या आसपास शाळा सुटली आणि पोरगा बापाच्या हाताखाली सुईदोरा घेऊन बसला. पुढची पंचवीस वर्षे म्हणजे अपयशाची एक लांबलचक यादी आहे. तो जहाजावर गेला, परत आला. १७५९ मध्ये लग्न केले; वर्षभरात बायको बाळंतपणात गेली आणि मूलही गेले. मग त्याने अबकारी खात्यात नोकरी धरली. दारू, चहा, तंबाखूवरचा कर वसूल करायचा, दुकानांची आणि गोदामांची तपासणी करायची. १७६५ मध्ये या खात्याने त्याला काढून टाकले. कारण असे की, न पाहिलेला माल पाहिल्याची नोंद त्याने केली होती. तपासणीचे अहवाल जागेवर बसून लिहिण्याची ही कला आमच्या क्षेत्रातही अपरिचित नाही, त्यामुळे मला त्यात फारसे नवल वाटले नाही. पण चूक ती चूकच. पेनने अर्ज केला, माफी मागितली, खात्याने पुन्हा घेतले. जागा मिळेपर्यंत त्याने लंडनमध्ये मुलांना इंग्रजी शिकवून पोट भरले. म्हणजे हा आमचा लेखक काही दिवस मास्तरही होता! ओटीवरच्या मुलांना ही गोष्ट फार आवडली.

१७६८ मध्ये त्याची नेमणूक लुईस या गावी झाली. तिथे त्याने दुसरे लग्न केले आणि बायकोच्या घरचे तंबाखूचे दुकानही सांभाळले. अबकारी कर्मचाऱ्यांना पगार वर्षाला ५० पौंड. त्यातच घोड्याचा खर्च, भाडे, घरसंसार. सहकाऱ्यांनी पेनला गळ घातली की, तू लिहितोस बरे, आपल्या पगारवाढीसाठी काहीतरी लिही. १७७२ मध्ये त्याने एक निवेदन लिहिले. त्याच्या चार हजार प्रती छापल्या गेल्या. पार्लमेंटच्या सभासदांना त्या वाटल्या. उपाशी माणसाकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा करणे कसे चुकीचे आहे, गरिबीच भ्रष्टाचाराला कशी जन्म देते, याची मांडणी त्यात होती. माझ्या नोकरीच्या काळात संघटनेची निवेदने मीही लिहिली आहेत. त्यांचे काय होते ते मला ठाऊक आहे. पेनच्या निवेदनाचेही तेच झाले. पगार वाढला नाही. उलट १७७४ मध्ये परवानगीवाचून गैरहजर राहिल्याचा ठपका ठेवून त्याला दुसऱ्यांदा नोकरीतून काढले. दुकान बुडाले. कर्जापायी तुरुंगात जायची वेळ येऊ नये म्हणून घरातल्या वस्तू लिलावात विकल्या. त्याच वर्षी बायकोही वेगळी झाली.

त्या वेळी तो सदतीस वर्षांचा होता. नोकरी नाही, घर नाही, संसार नाही. हाताशी उरले होते एकच; ते म्हणजे त्या फसलेल्या निवेदनातून सापडलेली साधी, थेट भाषा.

लंडनमध्ये त्याची फ्रँकलिनशी ओळख झाली होती. फ्रँकलिनने अमेरिकेतल्या आपल्या माणसांना द्यायला एक शिफारसपत्र दिले. ते घेऊन पेन जहाजात बसला. वाटेत जहाजावर तापाची साथ आली. ३० नोव्हेंबर १७७४ ला जहाज फिलाडेल्फियाला लागले तेव्हा पेनला अक्षरशः उचलून उतरवावे लागले. त्याच महिन्यात तिकडे इंग्लंडमध्ये रॉबर्ट क्लाइव्ह मरण पावला. बरा झाल्यावर पेन एका मासिकाचा संपादक झाला आणि काही महिन्यांतच त्या मासिकात क्लाइव्हवर एक जळजळीत लेख आला. हिंदुस्थानात त्याने केलेल्या लुटीचा आणि अत्याचारांचा त्यात समाचार घेतला होता. लेखावर टोपणनाव होते, पण तो पेनचाच मानला जातो. प्लासी पाहिलेल्या डोळ्यांना जे दिसले नाही, ते अबकारी खात्यातून बडतर्फ झालेल्या या माणसाला हजारो मैलांवरून दिसले.

त्या वेळी अमेरिकेतल्या तेरा वसाहतींचे इंग्लंडशी भांडण जुंपले होते. पण भांडण करावरून होते. राजा वाईट नाही, त्याचे मंत्री वाईट आहेत, असे लोक म्हणत. पुस्तिका निघत होत्या, पण त्या वकिलांनी वकिलांसाठी लिहिलेल्या, लॅटिन वचनांनी भरलेल्या. १० जानेवारी १७७६ ला पेनची पुस्तिका निघाली. तिला साधे सत्य अशा अर्थाचे नाव द्यायचे त्याच्या मनात होते. डॉक्टर बेंजामिन रश या मित्राने दुसरे सुचवले आणि ‘कॉमन सेन्स’ हे नाव कायम झाले. पन्नाशीच्या आतली पाने. त्यावर लेखकाचे नाव नाही.

तिच्यात पेनने काय केले? त्याने लॅटिनला हात लावला नाही. प्रत्येक घरात असलेले बायबल आणि प्रत्येकाला असलेला रोजचा अनुभव, एवढेच घेतले. राजाच्या मुलानेच राजा का व्हावे, अशा वळणाचे हे प्रश्न होते. एवढ्या विस्तीर्ण भूमीने एका दूरच्या बेटाच्या हुकमाची वाट किती दिवस बघायची? कर कमी करून मागू नका, राज्यच आपले करा, असे त्याने सरळ सांगितले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना ही पुस्तिका गुत्त्यांत आणि चौकांत वाचून दाखवली गेली. एका वर्षात तिच्या पंचवीस आवृत्त्या निघाल्या. सहा महिन्यांनी, ४ जुलैला, स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला. आपल्या वाट्याच्या पैशांतून थंडीत कुडकुडणाऱ्या सैनिकांना लोकरी हातमोजे द्यायचे पेनने ठरवले होते. पण प्रकाशकाशी हिशेबावरून वाद झाला आणि त्याच्या हाती काही लागले नाही.

जाहीरनाम्यानंतर लढाई होती आणि ती लवकरच हरण्याच्या बेताला आली. १७७६ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनचे सैन्य मागे हटत होते. पायांत धड जोडे नाहीत, मुदत संपली की घरी जायचे हे शिपायांच्या मनात. पेन त्या सैन्याबरोबर होता. त्याने ‘क्रायसिस’ या लेखमालेतला पहिला लेख लिहिला. तो शिपायांच्या तुकड्यांना वाचून दाखवण्यात आला, असे सांगतात. नाताळच्या रात्री त्या सैन्याने बर्फाळ डेलावेअर नदी ओलांडली आणि ट्रेंटन जिंकले. वाचून दाखवलेल्या लेखामुळेच लढाई जिंकली, असे मी मुलांना सांगितले नाही. पण नदी ओलांडण्याआधी माणसाला मनाने आधी पलीकडे जावे लागते, आणि ते काम त्या लेखाने केले असावे.

पुढचा एक प्रसंग मला बँकेतला माणूस म्हणून फार जवळचा वाटतो. १७८० मध्ये पेन पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात लेखनिक होता. त्याच वर्षी त्या विधिमंडळाने गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा केला, त्या वेळी पेन त्याच खुर्चीवर होता. सैन्याची मात्र दैना झाली होती. कागदी चलनाची किंमत मातीमोल झालेली. वॉशिंग्टनचे पत्र आले की, शिपाई बंडाच्या बेतात आहेत. ते पत्र सभागृहात वाचून दाखवायचे काम लेखनिकाचे. वाचन संपल्यावर सभागृह सुन्न झाले. पेनने आपला साचलेला पगार काढला आणि त्यातले ५०० डॉलर सैन्यासाठी वर्गणी म्हणून पाठवून दिले. ते पाहून व्यापारी पुढे आले आणि सैन्याला रसद पुरवण्यासाठी बँक ऑफ पेनसिल्व्हेनिया उभी राहिली. बँकेची सुरुवात कारकुनाच्या पगारातून झाल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

स्वातंत्र्य मिळाल्यावर न्यूयॉर्क राज्याने त्याला न्यू रोशेल इथे जमीन दिली. काँग्रेसने ३००० डॉलर दिले. दुसरा कोणी असता तर शेतावर स्वस्थ बसला असता. पेनच्या डोक्यात लोखंडी पुलाची कल्पना शिरली होती. तिचा नमुना घेऊन तो १७८७ मध्ये युरोपला गेला, आणि दोन वर्षांत तिकडे फ्रान्समध्ये क्रांती झाली. इंग्लंडमधल्या एडमंड बर्कने तिच्यावर सडकून टीका केली. तिला उत्तर म्हणून पेनने ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहिले. पहिला भाग १७९१ चा, दुसरा १७९२ चा. मेलेल्या पिढ्यांनी जिवंत पिढ्यांचे हात बांधून ठेवू नयेत, हा त्याचा गाभा. पण त्याहून मुलांना आश्चर्य वाटले ते दुसऱ्या भागातल्या आकड्यांचे. गरीब घरातल्या चौदा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ४ पौंड द्यावेत, आईबापांनी त्याला शाळेत घालावे. पन्नाशी उलटलेल्या गरजूला वर्षाला ६ पौंड, साठीनंतर १० पौंड. आणि ही भीक नव्हे, हा हक्क आहे, असे त्याने बजावले. मी निवृत्तिवेतनावर जगणारा माणूस. दर महिन्याला पासबुक भरून आणताना मला पेनचे हे कोष्टक आठवते.

इंग्लंडच्या सरकारने त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला. निकाल लागण्याआधीच तो फ्रान्सला पोहोचला. तिथल्या लोकांनी त्याला आपल्या प्रतिनिधिसभेवर निवडून दिले होते. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते! १७९३ च्या जानेवारीत पदच्युत राजा सोळावा लुई याला ठार मारायचे की नाही, हा प्रश्न सभेपुढे आला. राजेशाहीचा हा हाडवैरी दुभाष्याच्या तोंडून म्हणाला की, राजेशाही मारा, माणसाला मारू नका. त्याला अमेरिकेला पाठवून द्या. हे बोलायला किती धैर्य लागले असेल ते पुढच्या घटनांवरून कळते. राजाचा शिरच्छेद झालाच, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पेनलाही पकडून लक्झेंबर्ग तुरुंगात टाकले. तो तिथे दहा महिने होता. अमेरिकेच्या तिथल्या वकिलाने फारशी हालचाल केली नाही. ज्यांना मारायचे त्यांच्या कोठडीच्या दारावर खडूने खूण करीत. पेन तापाने फणफणलेला, म्हणून त्याच्या कोठडीचे बाहेर उघडणारे दार भिंतीशी सताड उघडे ठेवले होते. खूण झाली ती दाराच्या आतल्या बाजूला. रात्री दार लागले आणि खूण आत गेली. ही हकिकत पेनने स्वतःच पुढे सांगितली आहे. काही दिवसांतच रोबेस्पिएर कोसळला. १७९४ च्या नोव्हेंबरात नव्या अमेरिकन वकिलाच्या, जेम्स मन्रोच्या खटपटीने पेन सुटला.

इथून त्याच्या आयुष्याला उतरती कळा लागली, आणि तिला काही अंशी तोही जबाबदार होता. पेन देवमाणूस नव्हता. तो गर्विष्ठ होता, भांडखोर होता, ब्रँडीही बरी घेई. वॉशिंग्टनने आपल्याला तुरुंगात कुजत ठेवले, या रागाने १७९६ मध्ये त्याने वॉशिंग्टनवर एक जहाल पत्र छापले. पण लोकांनी त्याला टाकले ते मुख्यतः दुसऱ्याच पुस्तकासाठी. ‘द एज ऑफ रीझन’मध्ये त्याने धर्मग्रंथांची चिकित्सा केली होती. देव एक आहे असे तो मानत होता; पण तो देव कोणत्या एका पुस्तकात आणि कोणत्या एका पुरोहिताच्या मुठीत आहे, हे त्याला मान्य नव्हते. लोकांनी त्याला नास्तिक ठरवले.

१८०२ मध्ये तो अमेरिकेला परतला. ज्या ट्रेंटनच्या लढाईपूर्वी त्याचे शब्द शिपायांच्या कानांवर पडले होते, त्याच ट्रेंटनमध्ये घोडागाडीवाल्याने त्याला गाडीत बसू दिले नाही. १८०६ मध्ये न्यू रोशेलला तो मतदानाला गेला, तर तू अमेरिकेचा नागरिकच नाहीस, म्हणून त्याला परत पाठवले. ८ जून १८०९ ला न्यूयॉर्कमध्ये तो वारला. क्वेकरांच्या दफनभूमीत जागा मिळावी ही त्याची इच्छा होती, ती नाकारली गेली. त्याला त्याच्याच शेतात पुरले. अंत्ययात्रेला सहाजण होते, असे सांगतात. फ्रान्समधल्या मित्राची बायको मादाम बॉनव्हिल, तिचा मुलगा, एक क्वेकर शेजारी, दोन काळे गृहस्थ. कबरीच्या एका टोकाला ती बाई स्वतः उभी राहिली, फ्रान्सच्या वतीने, आणि दुसऱ्या टोकाला तिने आपल्या मुलाला उभे केले, अमेरिकेच्या वतीने. एवढीच काय ती दोन राष्ट्रांची कृतज्ञता.

तीही टिकली नाही. दहा वर्षांनी विल्यम कॉबेट नावाचा एक इंग्रज पत्रकार आला. एके काळी याच कॉबेटने पेनवर चिखलफेक केली होती, पुढे तो त्याचा भक्त झाला. इंग्लंडमध्ये भव्य स्मारक उभारू, म्हणून त्याने कबर खणून अस्थी नेल्या. स्मारकाला पैसे जमले नाहीत. अस्थी कॉबेटच्या घरीच राहिल्या आणि १८३५ मध्ये तो वारल्यावर हळूहळू कुठेतरी नाहीशा झाल्या.

गोष्ट इथे आली तेव्हा ओटीवर कोणी बोलेना. मग त्या नववीतल्या मुलीनेच विचारले, की आजोबा, म्हणजे या माणसाचे काहीच उरले नाही का?

तेव्हा मी मुलांना पुण्याला नेले. सन १८४७. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला वीस वर्षांचा एक तरुण आपल्या मित्रांबरोबर ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचतो आहे. त्याचे नाव जोतीराव गोविंदराव फुले. पेनच्या मृत्यूला अडतीस वर्षे झालेली, हाडांचा पत्ता नाही, पण पुस्तक समुद्र ओलांडून आलेले. त्याआधी, १८३० च्या सुमारास, कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातली पोरेही ‘एज ऑफ रीझन’ विकत घेण्यासाठी धडपडत होती. अमेरिकेचे सुरुवातीचे साहित्य आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी वाचायला घेतले ते असे. कुठल्या अभ्यासक्रमात ते नव्हते.

१८४८ मध्ये जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. ती केवळ पेनमुळे काढली असे म्हणणे अन्यायाचे होईल. ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत झालेला अपमान होता, लहानपणी सगुणाबाईंनी केलेले संस्कार होते, आणि अहमदनगरला पाहिलेली मिस फॅरर यांची मुलींची शाळा होती. गंमत पाहा, या फॅररबाईही अमेरिकन; पण मिशनरी, म्हणजे पेनच्या लेखी विरुद्ध पक्षाच्या. मायदेशी ज्यांचे एकमेकांशी कधीच जमले नसते, ते दोन अमेरिकन प्रवाह पुण्याच्या एका माळ्याच्या मुलाच्या मनात येऊन मिळाले. १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ लिहिली, आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना मुक्त केले म्हणून. पेनला न्यू रोशेलला जे मिळाले नाही, ते आभार त्याच्या देशाला पुण्याहून गेले.

आणि आमचा जिल्हा? तो तेव्हा कुलाबा होता. २५ डिसेंबर १९२७ ला महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांनी आपल्या सभेची तुलना फ्रान्सच्या १७८९ च्या राष्ट्रीय सभेशी केली. तिने घोषित केलेल्या मानवी हक्कांच्याच बाजूने पेनने लेखणी उचलली होती. पाण्याच्या एका ओंजळीसाठी चाललेल्या लढ्याला त्यांनी माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांच्या त्या मोठ्या इतिहासाशी जोडून दिले. आमच्या ओटीवरच्या मुलांनी चवदार तळे पाहिलेले होते. शाळेच्या सहलीत तिथे डबा खाल्लेला होता. फ्रान्स, फिलाडेल्फिया आणि चवदार तळे एकाच गोष्टीत येतात, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

त्या दिवशी माझ्यासमोर दहा मुले होती. त्यांतल्या सहा मुली. १८४७ आणि १८४८ ही दोन वर्षे मी त्यांच्या वहीत एकाखाली एक लिहायला सांगितली आणि त्यापुढे काही बोललो नाही.

तेवढ्यात पाळी सुटल्याचा भोंगा झाला आणि मुले आपापल्या वाटेने पांगली. ती नववीतली मुलगी मात्र थांबली. पुस्तक घरी नेऊ का, म्हणाली. इंग्रजी जुने आहे, अडेल, असे मी तिला सांगितले. अडले की विचारीन, म्हणाली. बँकेची सवय जात नाही. मी नोंदवही काढली, पुस्तकाचे नाव लिहिले, तिचे नाव लिहिले, तारीख घातली. परतीच्या तारखेचा रकाना मात्र कोरा ठेवला.